मोठ्या आजोबांच्या गोष्टी का थांबल्या

रेवा आणि मिहिर,

तुमचे मोठे आजोबा नऊ वर्षांचे झाले आणि तिथेच थांबले. पुढची ऐंशी वर्षं त्यांनी शेती केली, लग्न केलं, केस पांढरे केले, पण हे सगळं शाळा सुटल्यावरच्या फावल्या वेळात उरकल्यासारखं. आज हे लिहायला बसले त्याला कारण आहे. या महिन्याच्या पहिल्या रविवारी रेवाने फोनवर मला पुन्हा विचारलं, "आजी, मोठे आजोबा मला गोष्टी का सांगत नाहीत? माझ्यावर रागावलेत का?" आणि मी पुन्हा म्हणाले, "थकलेत गं ते आता." हे उत्तर मी सात वर्षं देते आहे आणि ते पूर्ण खरं नाही. रेवा, तू आता पंधरा वर्षांची आहेस. मिहिर सहाचा आहे आणि त्याने त्यांच्या तोंडून एकही गोष्ट ऐकलेली नाही. तेव्हा हे तू वाच आणि त्याला वाचून दाखव.

मोठे आजोबा म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ. अंजनगाव सुर्जीजवळ त्यांची शेती होती. मोठ्या आजी गेल्या, मूलबाळ नव्हतं, म्हणून तुमच्या आजोबांनी त्यांना अमरावतीला आपल्या घरी आणलं. आले ते एक ट्रंक आणि एक गोफण घेऊन. गोफण कशाला, असं आजोबांनी विचारलं तर म्हणाले, "काहून? शहरात पाखरं नसतात का?" पुढच्या दाराने ते कधी आत आले नाहीत, पुढचं दार पाहुण्यांचं, असं त्यांचं मत. सोफ्यावर ते बसत नसत, त्याच्यावर उकिडवे चढत, बांधावर बसल्यासारखे. माझ्या स्कूटरचं नाव त्यांनी 'बांडी' ठेवलं होतं, त्यांच्या एका जुन्या गाईवरून. ती सुरू झाली नाही की तिच्या सीटवर थाप मारून म्हणत, "चाल माय, चाल." एकदा ती खरोखरच सुरू झाली. तेव्हापासून त्यांनी मेकॅनिक या जातीवर विश्वास ठेवला नाही.

आता एक गोष्ट तुम्हाला समजावून सांगायला हवी, कारण तुमच्या कॅनडात ती कोणाला पटणार नाही. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा, आणि आमच्या वऱ्हाडातल्या जुन्या घरांत धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी बोलत नसे. भांडण नव्हे, हा मान होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी हे मला सांगितलं आणि मी, इंग्रजीत एम.ए. झालेली मुलगी, ते मुकाट्याने पाळू लागले. कॉलेजात मी साठ-साठ मुलांच्या वर्गाला एका नजरेत गप्प करायची आणि घरी आल्यावर भासऱ्यांना चहा झाल्याचं सांगायला माणूस शोधायची. आजोबा होते तोवर निरोप त्यांच्यामार्फत जात. ते गेले आणि घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा मी फ्रिजशी बोलू लागले. "चहा ठेवलाय," मी फ्रिजला म्हणायची. बाहेरच्या खोलीतून ते पेपरला सांगत, "साखर कमी पायजे होती." असा आमचा संसार बरा चालला होता.

मग रेवा आठ महिन्यांसाठी आली. आईबाबा तिकडे घर-नोकरीची जमवाजमव करत होते, मिहिर अजून जन्मायचा होता. आठ वर्षांची मुलगी घरात आल्याने आम्हाला दोघांना बोलायला तोंड मिळालं. "रेवा, मोठ्या आजोबांना सांग, गोळी घ्यायची राहिली." ती तीन पावलं चालत जायची, सगळं शब्दाला शब्द सांगायची आणि उत्तर घेऊन यायची: "आजी, ते म्हणतात, गोळीले सांग, मी झोपलो." मी फ्रिजवर तिचं वेळापत्रक लावलं होतं. त्यात 'गोष्टी: साडेसहा ते सात' अशी एक ओळ होती. त्या ओळीने बाकीचं सगळं वेळापत्रक खाऊन टाकलं.

गोष्टी सगळ्या त्यांच्या लहानपणच्या. मी स्वयंपाकघरात, ते भिंतीपलीकडे. परतवाड्याला जाणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीच्या ते म्हणे इंजिनाजवळच्या डब्यातून उतरत, बोरं तोडत आणि शेवटच्या डब्यात चढत. रेवा विचारायची, "चालत्या गाडीतून?" ते म्हणायचे, "चालती कायची वं, ते चिंतन करून राहिली होती." पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एक बोरीचं झाड होतं; आठवडाभरात त्यांनी तिथे बोरीचं बन उभं केलं. विहिरीत पोहायला शिकताना कमरेला वाळका भोपळा बांधलेला, तो सुटला आणि विहिरीतल्या कासवाने त्यांना काठाशी आणून सोडलं. कासवाचं पुढे काय झालं, असं विचारलं की म्हणत, "पाचवीत माह्या बाकावर होतं."

रेवा, तू या गोष्टी ऐकत नव्हतीस, त्या करून बघत होतीस. दुसऱ्याच दिवशी तू फ्रिजमधले दोन दुधी ओढणीने कमरेला बांधून मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात उतरलीस. मी तुला काढलं, कोरडं केलं, रागावले आणि वाया कशाला घालवायचे म्हणून संध्याकाळी त्याच दुधींची भाजी केली. तू आणि मोठ्या आजोबांनी ती दोनदा वाढून घेतली, कधी नव्हे ते. मग गच्चीवर हरभऱ्याचे घाटे भाजण्याचा प्रकार झाला, त्यात माझी एक साडी गेली. मी रोज तुला निरोप द्यायची: "मोठ्या आजोबांना सांग, जरा बेतानं." तू सांगून यायचीस. "आजी, ते म्हणतात, बेत करूनच केलं होतं."

कापसाच्या बंडीची गोष्ट त्यांनी सगळ्यांत शेवटी काढली. वडील बैलबंडीत कापूस भरून अकोल्याच्या बाजाराला निघाले होते. या पोराला ताप, म्हणून घरी राहायला सांगितलं. हा कापसात शिरला आणि श्वास घ्यायला पपईच्या पानाच्या पोकळ देठाची नळी बाहेर काढून पडून राहिला. अकोल्याला काट्यावर कापूस चढवताना त्यातून पोरगा निघाला. व्यापारी वडिलांना म्हणाला, "पाटील, हा सरकीसकट घेऊ का सरकी काढून?" ही गोष्ट रेवाने सलग पाच दिवस मागून घेतली. मी भिंतीआडून ऐकत होते आणि मला, आयुष्यभर मुलांना शिकवलेल्या बाईला, पुढे काय होणार ते सुचलं नाही.

सहाव्या दिवशी माझ्या जुन्या गाद्या पिंजायला न्यायला गादीवाला आला. गाद्या उसवून त्याने कापसाची गाठोडी बांधली, मालाच्या ऑटोत टाकली आणि गेला. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की रेवा घरात नाही. तिसऱ्या घरच्या पपईचं एक पान तुटलेलं होतं, तेही मी पाहिलं आणि तरी मला कळलं नाही. दोन तास आम्ही शोधत होतो. मी फोन करत होते. मोठे आजोबा कधी बाहेर पडले ते मी पाहिलंच नाही.

गादीवाल्यानेच तुला परत आणलं. रेल्वेपुलापलीकडच्या दुकानात त्याने गाठोडं सोडलं तर आत तू. जुन्या कापसाची धूळ छातीत गेलेली, डोळे लाल, खोकून खोकून आवाज बसलेला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, आणि मुठीत चेंगरलेला देठ. मोठे आजोबा नेमके तेव्हाच गल्लीतून येत होते. त्यांनी तुला पाहिलं आणि मोठ्याने हसले. "सरकीसकट आली वं माय! सरकीसकट आली!"

ते हसू मला सहन झालं नाही. मी तुला म्हणाले, "रेवा, त्यांना सांग, माझ्या घरात यापुढे एकही गोष्ट सांगायची नाही. म्हातारपणी तरी खरं बोलायला शिका म्हणावं."

ते तीन पावलांवर उभे होते. तरी तू गेलीस, रोजच्यासारखी. खोकत, रडत, शब्दाला शब्द सांगितलंस: "मोठे आजोबा, आजी म्हणते, माझ्या घरात..." ते हसायचे थांबले. तुझ्या केसातला कापूस काढत म्हणाले, "सांग तिले, बरं." तू परत आलीस. "आजी, ते बरं म्हणतात."

डॉक्टरांनी वाफ दिली, दोन दिवसांत तू बरी झालीस. तू सापडलीस त्या संध्याकाळी मी मागच्या दारी गेले तर ते नळाखाली पाय धूत होते. चप्पल घालायचं त्यांना सुचलं नव्हतं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस भर उन्हात दोन तास अनवाणी हाका मारत फिरला होता. तळव्यांना फोड आले होते. मी मलम आणून नळाजवळच्या पायरीवर ठेवलं आणि आत गेले. 'माझं घर' हे शब्द मला पोळत होते, कारण त्यांना दुसरं घर नव्हतं.

त्यांनी शब्द पाळला. महिन्याभराने तू कॅनडाला गेलीस. फोनवर ते तुला विचारत, "जेवली का? थंडी आहे का?" तू गोष्ट मागितलीस की म्हणत, "याद नाही राहत आता, रेवे." आणि तू हिरमुसायचीस. पहिली तीन वर्षं ते खोटं बोलत होते. माझ्यामुळे. मला ते ठाऊक होतं. एकदा मी धीर करून फ्रिजला म्हणाले, "मुलांचा फोन आला की एखादी गोष्ट सांगायला हरकत नाही." बाहेरून काही उत्तर आलं नाही. त्यांना ऐकू आलं नसेल, किंवा आलं असेल. निरोप न्यायला कोणी नव्हतं आणि स्वतः जाऊन सांगायची मला सवय नव्हती, एवढ्याशा कारणावर मी दिवस ढकलत राहिले. मग हळूहळू त्यांचं ते खोटं खरं झालं. आधी नावं गेली, मग गावं, मग माणसं.

त्या रविवारी तू "रागावलेत का?" असं विचारलंस, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. बावन्न वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी घाईने सोफ्यावरचे पाय खाली घेतले. मी म्हणाले, "भाऊजी, तेव्हा माझं चुकलं. रेवाला गोष्टी सांगा."

ते खिडकीकडे वळले. मग खिडकीलाच म्हणाले, "सांगतो नं. पण कोणती सांगू? काही सापडूनच नाही राहिलं."

"कापसाच्या बंडीची."

"बंडीत कापूस भरला..." ते म्हणाले आणि अडले. मग मलाच विचारलं, "त्यात मी होतो का?"

"होता तर," मी म्हणाले आणि सांगायला लागले. माझ्या पद्धतीने, नीट क्रमाने. "सकाळी साडेपाच वाजता बंडी निघाली..."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "घड्याळ कोणापाशी होतं जी?"

मी घड्याळ काढून टाकलं. अंतरही काढून टाकलं. ताप ठेवला, पपईचा देठ ठेवला. अकोल्याच्या अलीकडे मी दम घ्यायला थांबले, तर ते पुढे सरकले, सरळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग?"

रेवा, ते तुझ्यावर कधीच रागावले नव्हते. रविवारी फोन कराल तेव्हा त्यांच्याकडे गोष्ट मागू नकोस, तू सांग, आणि मिहिरलाही शेजारी बसव. भिंतीआडून ऐकलेल्यांपैकी मला पाच गोष्टी पूर्ण येतात आणि दोन अर्ध्या. बाकीच्या तुझ्याकडे असतील. त्यांना स्वतःला आता एकही येत नाही. पण ऐकायला ते रोज दुपारी चार वाजता येऊन बसतात.

तुमची,
आजी