चालत्याला वारा, बसल्याला तार

सत्याप्पा आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. चपला काढल्या, थेट मधल्या भिंतीपाशी गेले, बोटाच्या पेराने तीनदा ठोकलं आणि कान लावला. मी हायस्कुलात मराठी शिकवणारा, गॅदरिंगच्या नाटकात दरवर्षी राजा होणारा माणूस. माझ्याच घरात नमस्काराचे हात जोडून ताटकळत उभा! भिंतीची विचारपूस आटोपल्यावर ते माझ्याकडे वळले.

"लई खानदानी भिंत हाय, मास्तर. कुणाला आत सोडणार न्हाय."

त्यांना बोलावलं होतं ते इंटरनेटसाठी. माझी बायको सुनंदा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, हे तिचं काम. साऱ्या जगाच्या तक्रारी ती शांतपणे ऐकते, माझी एकही नाही. पण मागच्या खोलीतल्या तिच्या टेबलापर्यंत वायफाय धापा टाकतच पोहोचायचं. गिऱ्हाईक रागाच्या ऐन भरात आलं की आवाज तुटायचा. शेवटी कंपनीने कळवलं, की लाइन सुधारा, आम्ही तपासणी घेऊ. त्यात नापास झालात तर पुण्याच्या ऑफिसात हजर व्हा. म्हणजे ती पुण्यात आणि मी आईसोबत निपाणीत. बायको परगावी गेली की नवरे खूश होतात म्हणे. मी आरशासमोर तसा चेहरा करून पाहिला. राजा, प्रधान, विदूषक सगळे जमतात मला. हा जमला नाही.

सत्याप्पा टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. आयुष्य खांबांवर काढलेलं. आता घरोघरी इंटरनेटच्या वायरी ओढून देत. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी आणि खिशात टेस्टर, पेनाच्या ऐटीत. त्यांनी पुढच्या खोलीतला वायफायचा डबा पाहिला, मागचं टेबल पाहिलं, मधली दीड हात जाडीची दगडी भिंत तर ऐकलीच होती.

"वायर ओढूया," ते म्हणाले.

आता खरी अडचण सांगतो. ती भिंत मी नुकतीच मोरपंखी रंगाने रंगवून घेतली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला उभं करून दाखवत होतो. मी छाती पुढे काढून म्हणालो, "आप्पा, आता सगळं वायरलेस झालंय. जग पुढं गेलंय."

"गेलंय व्हय? मग आक्कांचा आवाज का मागं ऱ्हायलाय?"

सुनंदा आतून इतकी मोकळी हसली, की मला तिथेच पडदा पाडावासा वाटला.

त्यांचं वायफायशी वैर नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या घरात होतं. त्यांचा हिशेब सरळ होता: "चालत्याला वारा, बसल्याला तार. माझी नातवंडं फोन घिऊन घरभर पळत्यात, त्यास्नी वारा बरा. आक्का एका जागी बसून काम करत्यात, त्यास्नी तार पायजे. म्हस चरायला सोडतासा, पण धार काढताना बांधतासाच की!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "कोगनोळीच्या नाक्यावर उभं ऱ्हावा कधी. पाय कर्नाटकात, फोन महाराष्ट्रात. वाऱ्याला गाव न्हाय, मास्तर."

पटलं होतं मला. पण मोरपंखी रंग! मी विचार करून सांगतो म्हणालो आणि चार अँटेना असलेला महागडा डबा घेऊन आलो. सत्याप्पा बोळातून जाता जाता डोकावले. "शिंगं झकास हायेत," ते म्हणाले. "दूध किती देतीया?"

दोन दिवस दिलं. तिसऱ्या दिवशी सुनंदाचा आवाज पुन्हा तुटायला लागला आणि मी मान खाली घालून त्यांच्या दारात गेलो. त्यांनी शिंगांचा विषयही काढला नाही. माणूस मोठा, तो असा.

नवरात्रातल्या अष्टमीला त्यांनी काम धरलं. माझ्या मोरपंखी भिंतीला टोकरलंसुद्धा नाही. स्वयंपाकघराच्या माळ्यावरून, चौकटींच्या कडेकडेने वायर अशी नेली, की आई चष्मा लावून शोधत राहिली. "वायर मोडायची न्हाय, वळवायची," म्हणत प्रत्येक कोपऱ्यावर तिला बाक द्यायचे, जणू म्हातारीचा हात धरून पायरी उतरवताहेत. पुढचं टोक डब्याला जोडून झालं. मागच्या टोकाला कनेक्टर बसवायचा तेवढा राहिला. त्या प्लॅस्टिकच्या बोटभर वस्तूला ते टोपण म्हणत. पण दिवस मावळला तसे ते उठले.

"उद्या खंडेनवमी. हत्यारं धुऊन पूजेला लावायची हायेत. परवा सोनं वाटायला येतो, तवा टोपण बसवतो."

पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. आणि सत्याप्पांनी नोकरीतसुद्धा तो कधी मोडला नव्हता. तपासणी दसऱ्यानंतर होती, त्यामुळे मीही निवांत होतो. तासाभरात कंपनीचा निरोप आला: तपासणी उद्या सकाळी दहाला. खंडेनवमी म्हणजे काय, हे त्या कंपनीला कुठून ठाऊक असणार?

सकाळी मी धावत त्यांच्या घरी. पाटावर पक्कड, टेस्टर, टोपण बसवायचा चिमटा, सगळ्यांना कुंकू आणि झेंडू. मी वाटेत दोन भाषणं तयार केली होती, एक करुण, एक वीररसातलं. पहिल्याचं पहिलं वाक्य कसंबसं बोललो. त्यांनी पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हत्यारं पूजेला बसल्यात, मास्तर. हात न्हाईत बसलं."

अंगात सदरा घातला, खिशात दोन टोपणं टाकली आणि निघाले. चालतच. माझी स्कूटर झेंडूची माळ घालून पूजेला उभी होती.

घरी आईने कात्री, विळी, सुरी, स्क्रू ड्रायव्हर, माझा लाल पेनसुद्धा पाटावर मांडलेला. लॅपटॉपला मात्र पाठीवर कुंकू लावून तिने कामाची परवानगी दिली होती. सत्याप्पांनी वायरीचं वरचं साल दातांनी सोललं. आतल्या आठ रंगीत तारा नखाने सरळ करून ओळीत लावल्या. "पंगत चुकली की सगळी उपाशी," ते पुटपुटले. टोकं एकसारखी कापायला आईच्या हत्यारांतून सुटलेलं नेलकटर सापडलं. पण टोपणातल्या पितळी पट्ट्या तारांवर दाबायच्या कशाने? त्यांनी करगोट्याला अडकवलेलं कानकोरणं काढलं.

"आप्पा, हे हत्यार न्हवं?" आईने संशयाने विचारलं.

"कानाचं हाय, आई. कामाचं न्हवं."

आणि कानकोरण्याच्या चपट्या टोकाने एकेक पट्टी दाबत ते मोजायला लागले. अवघड काम आलं की ते कन्नडमधून मोजत. त्यांना शिकवणारा लाइनमन कन्नड होता. "ओंदु... एरडु... मूरु..." एंटु, म्हणजे आठ, होईस्तोवर आम्ही तिघांनी श्वास धरला होता. टोपण बसलं. लॅपटॉपवर लाइन आली. हात काढला, लाइन गेली. चिमट्याची पकड ती चिमट्याची.

दहाला तीन मिनिटं कमी होती. सत्याप्पा टोपी सावरत टेबलाखाली शिरले, मांडी घातली आणि टोपण अंगठ्याने दाबून धरलं.

"बोला, आक्का. मी हितं न्हाईच."

दीड तास! पडद्यावर पुण्याचे साहेब, टेबलावर सुनंदा, टेबलाखाली सत्याप्पा आणि दाराआड मी. मधेच उदबत्तीच्या धुराने सत्याप्पांना शिंक आली. साहेबांनी विचारलं, आवाज कसला? सुनंदाच्या तोंडून निघालं, "मांजर आहे, सर." टेबलाखालून सरकारी शिस्तीत उत्तर आलं, "म्यांव."

लाइन एकदाही तुटली नाही. साहेबांनी "घरूनच काम चालू ठेवा" म्हटलं, तेव्हा सुनंदाने पदर डोळ्यांना लावला आणि मी घाईघाईने घड्याळाला किल्ली द्यायला गेलो. आमचं घड्याळ सेलवर चालतं.

सत्याप्पांचा अंगठा पांढराफटक पडला होता. गुडघे सरळ होईनात. दोघांनी धरून उठवलं. चहा घेतला नाही. पूजा अर्धी टाकून आले होते.

दसऱ्याला संध्याकाळी ते पिशवी घेऊन आले. आधी कालचं टोपण कापून टाकलं, चिमट्याने नवं बसवलं, वायर दोनदा ओढून पाहिली. मग आपट्याची पानं काढली. आईला देताना म्हणाले, "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा." मलाही तेच, सगळे म्हणतात तसं, एका दमात. सुनंदापुढे मात्र अडखळले. पान तिच्या हातावर ठेवलं.

"सोनं घ्या, आक्का. सोन्यासारखं..." थांबले, हसले. "असूं दे ते. नुसतं ऱ्हावा."