चवथीला मोकळं मिळणारं मशीन

मी दोनाने भागलं, आणि जिथे भागलं तिथे दोन म्हणजे शून्य होतं. शून्याने भागायचं नसतं हे डिचोलीच्या शाळेतलं कुठलंही पोर सांगेल. मी ते छापून आणलं.

बीजगणितात अशाही दुनिया असतात, जिथे एक अधिक एक शून्य होतं. माझा सिद्धान्त सगळ्या दुनियांना लागू आहे, असं मी छातीठोक लिहिलं होतं. संगणकावर लांबलचक मूळ संख्या घालून तो तपासलाही होता. दोन घालून पाहायचं मात्र सुचलं नाही. एवढीशी संख्या, तिला काय विचारायचं!

हे सगळं मी चवथीच्या सुटीत करायचो. आमच्या संस्थेत मशीन एकच, एरवी त्यावर पाळी लागायची. चवथीला लोक आपापल्या गावी जायचे आणि ते मोकळं मिळायचं. मग मी मुळगावला घरी कळवायचो, यंदा जमत नाही. बाहेर परक्यांच्या गणपतीच्या आरत्या चालायच्या, आत त्या थंडगार खोलीत मी स्वेटर घालून बसलेला. उत्तर यायला फार वेळ लागायचा. तेवढ्यात मी मनातल्या मनात माटोळी बांधून घ्यायचो.

गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली, सुपारीच्या कुळागरातली फळं बांधायची, ती माटोळी. आमच्या घरात ते काम माझं, कारण मीच उंच. थोरला भाऊ खालून एकेक वस्तू द्यायचा. केवणीच्या सालीच्या ओल्या दोराचा वास बोटांना चिकटून राहायचा, जेवताना भाताच्या घासालाही यायचा. त्या खोलीत बसून मी उगाच बोटं हुंगून पाहायचो. वास यायचा तो प्लास्टिकचा.

गोवा घटकराज्य झालं ते वर्षही तसंच गेलं. दादाने तिठ्यावरच्या दुकानातून फोन केला. राजभाषेवरून घरात अजून दोन तट होते, तो मराठीवाला आणि वहिनी कोकणीवाली.

"भांडता कुठल्या भाषेत?" मी विचारलं.

"कोकणीत. मग काय रे, इंग्लिशीत?"

ते भांडण ऐकायला तरी जावं असं फार वाटलं. गेलो नाही. सिद्धान्त हातातोंडाशी आला होता.

तो छापून आला आणि थोड्याच दिवसांत परदेशातल्या एका अनोळखी माणसाने पानभर टिपण छापलं. त्याने फक्त दोन घालून दाखवले होते. तेव्हापासून लोक माझा संदर्भ देऊ लागले ते थांबलेच नाहीत. आमच्या विषयावर लिहिणारा जो तो आधी बजावतो, दोनाचं वेगळं पाहा, नाहीतर याच्यासारखं होईल. माझे बिनचूक लिहिणारे सहकारी बिचारे कुणाच्या आठवणीत नाहीत. बढतीच्या वेळी समितीने माझे संदर्भ मोजले, वाचले नाहीत. मी प्राध्यापक झालो.

त्या वर्षी मशीन मोकळं सोडून मी घरी गेलो. चवथीच्या आदल्या दुपारी पोचलो, तर दादा स्टुलावर उभा राहून माटोळी बांधायला घेत होता.

"दादा, उतर. मी बांधतो."

"तू हातपाय धू, चहा घे. मला आता सवय झालीय."

मी पोरासारखा हट्टच धरला. शेवटी तो कुरकुरत उतरला. केवणीचा दोर हातात आला, तो वास आला आणि मला वाटलं, आपली जागा अजून आहे.

"एक वस्तू या बाजूला, एक त्या बाजूला," दादा खालून म्हणाला. "आलटून पालटून बांध."

"क्रमाने काय बिघडतं? शेवटी बेरीज तीच ना?"

मी एका बाजूला नारळांचा घोस, पपनसासारखी तोरिंगणं, चिबूड सगळं बांधून टाकलं. दुसरी बाजू नंतर करणार होतो. चौकट हळूच कलली, एक दोर निसटला आणि सगळं खाली आलं. गणपती अजून मूर्तिकाराच्या चित्रशाळेत होता, एवढंच नशीब. चिबूड रिकाम्या चौरंगावर फुटला.

नेवऱ्या लाटताना पीठ लागलेले हात तसेच धरून वहिनी धावत आली. तिने चौरंगाकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या माझ्याकडे.

"मी परत बांधतो," मी म्हटलं.

"उतरा, भावजी," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही नव्हता, एकदा माटोळी पडली नाही. आता दर चवथीला या, पण जेवायला."