गौरप्रभाची काच

कौसल्याबाई १९५६ च्या जूनमध्ये इंदापुरातल्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवायला आल्या. माहेर सांगवीचं. वडिलांची वांगी-मिरची ज्या बैलगाडीतून बारामतीच्या बाजारात जायची, त्याच गाडीत बसून ही मुलगी शाळेला गेली, आणि पुढे पुण्यात इंटर सायन्स झाली. बोलणं तुटक, चालणं झपाट्याचं, राग नाकाच्या शेंड्यावर.

रागाला कारण पहिल्याच आठवड्यात मिळालं. रसायनाच्या तासाला नववीतले मुलगे प्रयोगशाळेत जायचे आणि मुलींना शिवणकामाला बसवायचे. बाई तडक हेडमास्तरांसमोर उभ्या राहिल्या.

"मुलींनाही आत नेते मी."

"ॲसिडं असतात तिथे. एखादीचं तोंड भाजलं तर आईबापांना काय सांगू? लग्नं व्हायचीत त्यांची."

"मुलग्यांची व्हायची नाहीत?"

हेडमास्तरांनी समोरचे कागद ओढले. बोलणं संपलं होतं.

शाळेत शिक्षिका म्हणून त्या एकट्याच, त्यामुळे शिवणाचा तासही त्यांच्याच गळ्यात होता. त्या तासाला त्यांनी मुलींना सांगितलं, "सुया ठेवा. उद्या येताना घरातला जुना पेपर आणा. पुडीचा असला तरी चालेल."

पेपरातल्या जाहिराती कापून फळ्यावर डकवल्या. 'या साबणात क्षाराचा अंशही नाही', असं एकीत होतं. बाईंनी हळदीत बुडवलेलं फडकं त्या साबणाच्या फेसात टाकलं आणि ते लालभडक झालं, म्हणजे क्षार होताच. दुसरी जाहिरात लोहयुक्त टॉनिकची होती. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं की शाई होते, हे मुलींना घरचंच ठाऊक. टॉनिक ओतलं, तर पाणी जसंच्या तसं.

"बाई, ह्यात लोखंड कुठं हाय?" सारजा ओरडली आणि वर्ग हसून लोटपोट झाला. पलीकडे प्रयोगशाळेत मुलगे सूत्रं घोकत होते. ते खिडकीत येऊन डोकावू लागले.

सारजा म्हणजे गावाबाहेरच्या मळ्यातल्या छबूबाईची मुलगी. हसण्यात आणि विचारण्यात सगळ्यांच्या पुढे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र ती शाळेत आलीच नाही. बाई मळ्यावर गेल्या. सारजा पदराआड तोंड लपवून बसली होती. बाईंनी पदर ओढला. गाल सोलून निघाले होते, डोळ्यांखाली काळेनिळे चट्टे.

"काय लावलंस?"

सारजानं डबी पुढे केली. 'गौरप्रभा. पंधरवड्यात गोरा वर्ण.'

बाई छबूबाईवर कडाडल्या. "पोरीच्या तोंडाला काय फासता, कळत नाही तुम्हाला?"

छबूबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं जुडी खाली टाकली.

"माज्यावर वरडू नका, बाई. काळी म्हून दोन जागी नकार आला पोरीला. आन् जाहिरात मी न्हाय वाचली. मला कुठं वाचता येतंय? पेपर आणा म्हून तुमीच सांगितलंत."

सारजानं आणलेलं ते पान बाईंना आठवत होतं. त्यातली साबणाची जाहिरात त्यांनी कापून घेतली होती आणि खालची गौरप्रभाची तशीच सोडली होती. वाटेनं परतताना त्या स्वतःशीच मोठ्यानं बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी तांब्याची पळी लिंबानं लख्ख केली आणि चिंधीनं तिच्यावर गौरप्रभा घासली. लाल तांबं पांढरं चकाकू लागलं.

"चांदी!" कुणीतरी म्हणालं.

"पारा," बाई म्हणाल्या. "हाच सारजाच्या कातडीत मुरलाय. हात लावू नका कुणी."

त्यांनी पेपरला कळवलं. उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी तीच जाहिरात आणखी मोठी छापून आली.

त्या दिवसांत बाजारतळावर तात्याबाचा सिनेमाचा तंबू लागला होता. मध्यंतरात तो जाहिराती रंगवलेल्या काचा दिव्यासमोर धरून पडद्यावर दाखवी आणि त्यात गौरप्रभाचीही होती. मुलींनी एक काच कंदिलाच्या काजळीवर धरून काळी केली आणि सुईनं तिच्यावर अक्षरं कोरली. ती घेऊन बाई तात्याबाकडे गेल्या, त्याला वाचूनही दाखवली. तात्याबानं डोकं खाजवलं.

"गौरप्रभावाल्याची काच लावीन असं कबूल केलंय मी. तिच्यामागं दुसरी लावणार न्हाय, असं कुठं म्हणलोय?"

संध्याकाळच्या खेळाला आधी गौरप्रभाची गोरी बाई पडद्यावर आली. तिच्यामागून काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली: 'या क्रीममध्ये पारा आहे. तोंड जळतं. तांब्यावर लिंबू लावून घासा आणि बघा.' वाचता येणाऱ्यांनी मोठ्यानं वाचलं. दोरीपलीकडे बसलेल्या बायकांत कुजबुज झाली. मग सारजा उठली, पदर मागे टाकून दिव्याखाली उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी बायका तांबे, पळ्या घेऊनच गौरप्रभा विकणाऱ्या दुकानावर गेल्या. दुकानदारानं डब्या आत टाकल्या आणि संध्याकाळी शाळेच्या कमिटीकडे तक्रार केली.

"माफी लिहून द्या," कमिटीनं बाईंना सांगितलं. "शाळेतल्या बाईनं तंबूत जायचं, म्हणजे काय?"

"पोरीचं तोंड जळलं त्याची माफी कोण लिहून देणार? तुमच्या कुलूपबंद प्रयोगशाळेत नाही जळलं ते. घरात जळलं. पारा म्हणजे काय हे तिला वेळेवर कुणी शिकवलं नाही, म्हणून जळलं!"

मार्चमध्ये बाईंना नारळ मिळाला. त्या बारामतीला खासगी शिकवण्या घेऊ लागल्या. तिथल्या दुकानांत गौरप्रभा राजरोस विकली जात होती. बाई दुकानात शिरून भांडायच्या. दुकानदार त्यांना लांबून पाहूनच फळी ओढायला लागले.

इकडे इंदापुरात जूनमध्ये शिवणाच्या तासाला, पुन्हा शाळेत येऊ लागलेली सारजा आणि बाकीच्या मुली प्रयोगशाळेच्या दारात जाऊन बसल्या. रोज उठवलं की उठायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायच्या. दिवाळीच्या तोंडावर हेडमास्तरांनी दार उघडलं.

ही बातमी सांगायला छबूबाई भाजीच्या गाडीबरोबर मुद्दाम बारामतीला आली. बाई खूश होतील अशी तिची अटकळ होती.

"दिवाळीपर्यंत?" बाई म्हणाल्या. "दार उघडायला पाच महिने लागले त्यांना?"

आणि त्यांनी चहाच्या आधणाचं पातेलं इतक्या जोरात चुलीवर आदळलं, की छबूबाई दचकून मागे सरकली.