बाबांची खात्री

बाबांचा सगळा जन्म लिफ्ट तपासण्यात गेला. निवृत्तीला कैक वर्षं झाली, पण जित्याची खोड! घराला कुलूप लावलं की ते ओढओढून बघायचे. अशा दोन कड्या त्यांनी मुळासकट उपटल्या होत्या. शेजारी त्यांना ‘इन्स्पेक्टर’ म्हणत. लेक मनातल्या मनात बरंच काही म्हणे.

थंडी नुकती सरली होती. गावाच्या बागेत सगळ्या झाडांना पालवी फुटू लागली होती. आईच्या आठवणीसाठी गेल्या वर्षी लावलेलं झाड तेवढं काठीसारखं उभं होतं. ते जगतंय की नाही या काळजीनं बाबांचं जेवणात लक्ष लागेना, म्हणून लेक रजा टाकून त्यांना घेऊन आली होती. फाटकापाशी गाडीचे चारही दरवाजे ओढून पाहणं झालं.

“चला आता, बाबा! गाडी कुठे पळून नाही जात.”

झाडापाशी माळी वाटच बघत होता. “बरं झालं आलात, ताई. जरा समजवा यांना.” त्यानं खोडाकडे बोट दाखवलं. हात पोचेल तिथपर्यंत सालीवर ओरखडेच ओरखडे होते. “येतात आणि किल्लीनं खरवडून बघतात! जखमेतून कीड शिरली. आणखी एकदा खरवडलं तर झाड गेलंच म्हणून समजा.”

“जिवंत आहे का ते बघायला नको?” बाबा म्हणाले. हातात किल्ली होतीच. “दर वेळी आत हिरवं निघालंय.”

लेकीचा संयम सुटला. “आईलाही असंच छळलंत! दवाखान्यात बिचारीचा जरा डोळा लागला, की तुम्ही हलवून विचारणार, बरं वाटतंय ना? हात जोडले हो तिनं शेवटी. झोपू द्या की मला, म्हणाली.”

बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. किल्ली खिशात टाकून बाबा चार पावलं लांब गेले आणि पाठमोरे उभे राहिले. माळी उगाचच पाण्याचा पाईप गुंडाळू लागला.

आता यांची समजूत काढा, म्हणजे आजची रजाही गेली. लेक चरफडत झाडाशी उभी राहिली. एका फांदीच्या टोकाला तिला तांबूस फुगवटा दिसला. पालवी येत होती की नुसतीच गाठ होती? ती आणखी जवळ गेली. काही कळेना. माळ्याचं लक्ष नव्हतं. जरासं नखानं टोकरलं तर लगेच कळलं असतं. खाण तशी माती. तिचं बोट फांदीपर्यंत गेलंसुद्धा.

“हात लावू नकोस गं.” बाबा कधी वळले होते कोण जाणे. “झोपू दे तिला.”