घागरींची रांग आणि माझा ओटीपी

कॉम्प्युटर आणि फोन यांबाबत माझी मतं फार, आणि कोणी विचारायच्या आधी मी ती सांगते. फुकट मिळणारं ॲप फुकट नसतं. ‘मी सहमत आहे’ या चौकोनात लोक न वाचता टिचकी मारतात, आणि तेच लोक दोन रुपयांची कोथिंबीर उलटीपालटी करून घेतात. दर दोन वर्षांनी चार्जरचं तोंड बदलणाऱ्यांना त्याच वायरीनं काय करावं हे मी एकेकाळी सविस्तर सांगायचे. आता वय झालं, सोडून देते. माझ्या लॅपटॉपवर मी पहिल्यापासून जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, कोणाच्याच मालकीची नसलेली प्रणाली चालवते. तिच्यावर प्रिंटर चालत नाही हे खरं आहे. पण प्रिंटर तसेही कशावरच धड चालत नाहीत.

ही मतं मी टीव्ही सेंटरजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवता शिकवता कमावली. सकाळी सर्टिफिकेटपुरती येणारी मुलं असायची, दुपारी मी आणि पंखा. त्यामुळे वाचन फार झालं. इंटरनेट कोणा एकाच्या ताब्यात नसावं, सत्ता एका जागी साठू नये, नियम लिहिलेले आणि सगळ्यांना सारखे असावेत, हे मी तिथं वाचलं आणि मला इतकं पटलं की भाकरी थापतानाही तेच बोलायचे. नवरा ‘हो’ म्हणायचा आणि दुसरी भाकरी मागायचा.

त्या वर्षी संक्रांतीला गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या, तेव्हा वाण म्हणून मी स्टीलची वाटी दिली आणि वर अर्धा तास भाषण दिलं. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. बँकेचा माणूस, पोटचा पोरगा, सख्खा नवरा, कोणीही मागू दे. सांगायचा नाही म्हणजे नाही. बायकांनी वाटीकडे बघत सगळं ऐकून घेतलं.

आमचं घर हर्सूलच्या पुढं, गुंठेवारीत. शहर तेव्हा वाट फुटेल तिकडं वाढत होतं. ज्वारीच्या रानात चुना टाकून प्लॉट पाडायचे, आणि पहिल्या घराचा स्लॅब पडायच्या आधी कमानीवर नगराचं नाव लागायचं. नाव यायचं, रस्ता यायचा, विजेचा खांब यायचा; नळ तेवढा यायचा नाही. जायकवाडीचं पाणी पैठणहून शहरात चढायचं, पण आमच्यापर्यंत येता येता त्याचा धीर सुटायचा. त्यात लागोपाठ दुष्काळ. हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळायची आणि चेंडू हरवायचा तो भेगांमध्ये. शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं. पाण्याची बोंब हीच होती.

आम्हाला टँकर होता, दिवसाआड, अकराच्या सुमाराला. गल्ली मोठी आणि टँकर लहान. पंधरा-सोळा घरांचे निळे ड्रम भरले की पाइपातून नुसती हवा यायची, आणि उरलेल्यांनी पुढच्या खेपेची वाट बघायची. म्हणून रांग होती. रांगेत माणसं नसायची, घागरी असायच्या. दर घराची एक रिकामी घागर लिंबाखाली ओळीनं मांडलेली. ज्याची घागर पुढं, त्याचा ड्रम आधी. ड्रम भरला की घागर उचलून शेवटी ठेवायची.

ही रांग माझ्या सासूबाईंच्या ताब्यात होती. त्या माझ्या सख्ख्या आत्या. आमच्यात मामाची मुलगी करतात. लग्नाआधी मी त्यांना ‘तू’ म्हणायचे, नंतर ‘तुम्ही’ म्हणायला लागले आणि भांडण झालं की पुन्हा ‘तू’वर यायचे. आमचं घराणं मेंढरांमागचं. आत्यांनी अर्धं आयुष्य कळपामागं चालण्यात घालवलं होतं, आणि शंभर मेंढरांतली कोणती कोणाची हे त्या तोंडावरून सांगायच्या. शहरात आल्यावर मेंढरं राहिली नाहीत, तर घागरी आल्या. कोणाच्या घागरीला कुठं पोचा आहे, कोणाचा काठ वाकलाय, सगळं त्यांना पाठ. वाचता येत नव्हतं, गरजही पडली नाही.

या रांगेला एक अपवाद असायचा. कोणाच्या घरी बाळंतीण असली, कोणी अंथरुणाला खिळलेलं असलं, तर त्या घराची घागर आत्या उचलून पुढं ठेवायच्या. कोणाला विचारायच्या नाहीत. लोकही विचारायचे नाहीत.

विचारलं एकदा, आमच्या वसाहतीच्या अध्यक्षांनी. ते सरकारी खात्यातून निवृत्त झालेले होते आणि त्यांचा एकही शब्द अजून निवृत्त झालेला नव्हता. त्यांची घागर पंधरावी होती, ती सोळावी झाली, आणि त्या दिवशी पंधराव्या ड्रमालाच टँकर संपला. घागर पुढं गेली होती ती गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या पोरीची. तिला बाळ होऊन बारा दिवस झाले होते.

“हे असं मनमानी चालणार नाही,” अध्यक्ष म्हणाले. “काहीतरी नियम पाहिजे, लेखी.”

हे वाक्य माझ्या कानावर पडलं आणि मी हुरळले. माझ्या मनातलंच बोलले होते ते. अख्ख्या गल्लीचं पाणी एका बाईच्या डोक्यात साठवलेलं! लेखी काही नाही, दाद मागायची सोय नाही. उद्या बाई आजारी पडली तर? मी हे सगळं लिंबाखाली उभी राहून, सगळ्यांसमोर बोलले. आत्या बाजूच्या दगडावर बसून ऐकत होत्या.

“आता तुम्ही यात पडू नका, आत्या,” मी म्हणाले. “दमलात.”

“मी कवा म्हनले दमले म्हून?” त्यांनी विचारलं. पण त्या उठल्या आणि घरी गेल्या.

चार दिवसांत मी वेबसाइट उभी केली. काय सुंदर होती! जाहिरात नाही, पाळत नाही, आतला प्रोग्राम कोणालाही उघडून वाचता येईल असा. गल्लीत तो वाचणारं कोणी नव्हतं, पण तत्त्व म्हणून. टँकरच्या दिवशी सकाळी नऊला पान उघडायचं, आपला नंबर टाकायचा, आधी येईल तो आधी. दहा वाजता यादी तयार, अध्यक्ष ती खांबाला चिकटवणार. पहिल्याच खेपेला एका बहाद्दरानं तीन नंबरांवरून तीनदा नाव लावलं. म्हणून मी नियम घातला: एक घर, एक फोन. तो फोन आधी नोंदवायचा, आणि दर वेळी त्याच्यावर ओटीपी येणार. दहा मिनिटांत टाकला नाही तर बाद. फोन नंबर मागणाऱ्या कंपन्यांना शिव्या घालणारी मी, घरोघर वही घेऊन नंबर मागत फिरले. त्यात काही विसंगत आहे असं मला अजिबात वाटलं नाही.

अध्यक्ष खूश झाले. त्यांच्याकडं दोन फोन होते आणि सकाळी नऊला करायला दुसरं काही नव्हतं. माझा फोन माझ्याच पर्समध्ये असायचा, त्यामुळे आमचंही नाव कायम वरच्या पाचांत. लिंबाखालची जागा मोकळी झाली. तिथं अध्यक्षांनी स्कूटर लावायला सुरुवात केली.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या ड्रममधलं पाणी फार भराभर उतरायला लागलं. मी तळाला साबण लावून चीर शोधली. नवऱ्याच्या आंघोळीवर संशय घेतला आणि त्यावरून दोन दिवस अबोला धरला. मग क्लासातून मार्कर आणून ड्रमावर आतून रेघा मारल्या. सकाळची रेघ आणि संध्याकाळची रेघ यांत, वापरलेलं पाणी सोडूनही, रोज एका घागरीचा फरक. चोरी होत होती, आणि तीही दुपारी.

एका दुपारी क्लासातली लाइट गेली म्हणून मी लवकर घरी आले. मे महिन्याचं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. मागच्या दारातून आत्या निघाल्या होत्या, डोक्यावर पदर, कमरेवर भरलेली घागर. एक हात भिंतीला धरून चालल्या होत्या.

“कुठं चालल्या?” मी ओरडलेच.

त्या थांबल्या नाहीत. “तुझ्या मशिनीला जिचं घर दिसंना, तिच्याकडं,” म्हणाल्या.

मी घागर त्यांच्याकडून घेतली आणि मागोमाग गेले. पत्र्याची खोली तापून भट्टी झाली होती. पोरगी बाळाला मांडीवर घेऊन ओल्या फडक्यानं पुसत होती. दोरीवर दुपटी वाळत होती, त्यांतली निम्मी न धुता नुसती वाळवलेली. वासानं कळत होतं. कोपऱ्यात ड्रम. मी झाकण उचललं. तळाला गाळ होता आणि त्यात एक प्लास्टिकचा मग उताणा पडलेला.

“फॉर्म का नाही भरला?” मी विचारलं. माझा आवाज अजून मास्तरणीचाच होता.

“भरला की ताई. चारी खेपंला भरला, शेजारच्या वहिनीच्या फोनवरनं. पन त्यो आकडा यांच्या फोनवर जातो ना.”

तिचा नवरा वाळूजला एका कंपनीच्या गेटवर होता, बारा तासांची ड्यूटी. घरात फोन एकच आणि तो त्याच्यासोबत. कामावर फोन पेटीत ठेवून द्यायचा नियम. सकाळी नऊला माझी वेबसाइट नेमानं वाळूजच्या पेटीतल्या फोनला आकडा पाठवत होती, आणि संध्याकाळी तो फोन उघडायचा तेव्हा त्या आकड्याची मुदत संपून नऊ तास झालेले असायचे. गल्लीतल्या निम्म्या घरांत फोन एकच, हे मला माहीत नव्हतं असं नाही. वही घेऊन मीच फिरले होते. नंबर देणाऱ्या बायका घरात होत्या, नंबर बाहेर होते, आणि पाणी बायकाच भरतात. इतकं ढळढळीत होतं ते.

“मग गेटवर फोन करून आकडा विचारायचा. त्यांनी सांगितला असता.”

ती गोंधळली. “असं कसं, ताई? तुमीच संक्रांतीला सांगितलं व्हतं. नवऱ्यानं इचारला तरी सांगायचा नाय. मंग त्यांनी तरी मला कसा सांगायचा?” आणि मग, जणू माझी समजूत घालायला, म्हणाली, “चूक माझीच हाय. मला येत नाय ते फोनचं. शिकन मी.”

आजवर मला पुष्कळ लोकांनी मूर्ख म्हटलंय. त्यातलं काही टोचलं नाही. हे टोचलं. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण तिथली जमीन पत्र्याखाली इतकी तापली होती की तीही नको म्हणाली असती. मी घागर तिच्या ड्रममध्ये ओतली आणि घरी येऊन एका बटणात वेबसाइट बंद केली. उभी करायला चार दिवस लागले होते.

आत्या ओसरीवर वारा घेत बसल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले आणि सरळ रडले. त्यांनी रडू दिलं.

“आधी का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“तूच म्हनलीस, यात पडू नका.”

“आता पुन्हा धरा रांग.”

“मी नाय. तू धर.”

“मला कोणाची घागर कोणती ते कळत नाही.”

“मंग इचार. फिर घरोघर. वही घिऊन फिरलीस तशी बिनवहीची फिर.”

फिरले. पुढच्या खेपेला सकाळी अध्यक्षांची स्कूटर लिंबाखालून ढकलून बाजूला केली आणि घागरी मांडल्या. पहिली त्या पोरीची. अध्यक्ष आले आणि यादी कुठं आहे म्हणाले.

“यादी नाही,” मी म्हणाले. “तुमच्या घागरीला खाली डावीकडं पोचा आहे आणि तुमचा नंबर नववा.”

“हे लेखी आहे का?”

“नाही. म्हणूनच तुम्हाला खोडता येणार नाही.”

आमची घागर मी सगळ्यात शेवटी ठेवली. तसं कोणी सांगितलं नव्हतं. ड्रम भरला तर ठीक, नाही तर नाही; दर खेपेला ती उचलून पुन्हा शेवटीच नेऊन ठेवायचे. नवऱ्यानं एकदा कुरकुर केली, तेव्हा त्याला सांगितलं की अबोला परत धरेन.

मग एका पहाटे आत्या उठल्याच नाहीत. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे उघडेनात. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय आणि वय झालंय. मला त्या दुपारच्या घागरी दिसत होत्या. सलाइन लावून घरी आणलं आणि मी त्यांच्या खाटेशीच बसून राहिले, कपाळावर फडकं बदलत. टँकरचा दिवस आहे हे डोक्यातून साफ गेलं. घरात पाणी जेमतेम बादलीभर होतं. बाहेर टँकरचा आवाज आला तेव्हा मी अंगावरच्या साडीनिशी धावत सुटले. घागरी कोणी मांडल्या असतील, मांडल्या तरी की नाही, काहीच ठाऊक नव्हतं.

लिंबाखाली रांग लागलेली होती, एकही घागर इकडची तिकडं नाही. पाइप आमच्या दाराकडं ओढत आणत होते. रांगेत पहिली घागर आमची होती.

मी कोणालाही काही कळवलं नव्हतं. ती पोरगी बाळाला कडेवर घेऊन झाडाला टेकून उभी होती. “आत्या पडल्यात ना,” एवढंच म्हणाली. अध्यक्ष आपल्या घागरीशी उभे होते आणि स्कूटर लांब उन्हात होती.

ड्रम भरून घेतला आणि आत आले. आत्यांचे डोळे मिटलेलेच होते, पण पाइपचा आवाज त्यांना ऐकू आला असावा.

“आपली कितवी व्हती?”

“पहिली.”

त्यांच्या कपाळाला आठी पडली. “आन् तिची?”

“दुसरी.”

“मंग बरं,” म्हणाल्या, आणि पाणी मागितलं.