चोराचा आवाज

आमच्या शाळेतल्या एका गुरुजींना मुलं ‘आवाजवाले गुरुजी’ म्हणत. शनिवारी वर्गाच्या खिडक्यांना खताची रिकामी पोती लावून ते अंधार करत, भिंतीवर कार्टूनचा सिनेमा सुरू करत आणि त्याचा आवाज बंद करून टाकत. सिनेमातलं शहरी हिंदी चामोर्शीजवळच्या आमच्या पोरांना अर्धंच कळे. मग राजा, वाघ, म्हातारी, सगळ्यांच्या तोंडून गुरुजीच बोलत, तेही आमच्या भागातल्या झाडीबोलीत. त्यांची बेडकी तर थेट आमच्या मुख्याध्यापकांसारखी खाकरायची.

रंगात आलेला सिनेमा ते मध्येच थांबवत. अंडी गायब झाली आणि सगळे पक्षी कावळ्यावर धावून गेले, की थांबलाच.

“कोणं पाह्यलं त्याले चोरताना?”

“कोणंच नाई. पण तो काळा हाये नं, गुरुजी!”

“मंग मी कोणता गोरा हावो?”

पोरं हसत, आणि मग कावळ्याकडे पुन्हा बघत. उत्तर गुरुजी कधी सांगत नसत. मी शेजारच्या वर्गाला शिकवायची; मला म्हणत, “उत्तर देल्लं का पोरगं इथीच इसरते, बाई. सवाल देल्ला का घरी घेऊन जाते.”

एका वर्षी मंगली आली. एटापल्लीकडची, माडिया आदिवासींतली मुलगी, शिकायला मावशीकडे राहिलेली. त्या आठवड्याच्या सिनेमात कोल्हा चोर होता. गुरुजींनी त्याला बाजारात आलेल्या माडिया माणसाची अडखळती मराठी दिली. वर्ग हसून लोळला. सोमवारपासून मंगली शाळेत दिसली नाही.

गुरुजींबरोबर मीही तिच्या मावशीकडे गेले. मंगलीचं गाठोडं बांधून तयार होतं. “गावाले परत जातो म्हणते. शाळा नाई पाह्यजे तिले,” मावशी म्हणाली. गुरुजींनी कारण विचारलं. दाराआडून मंगलीचा आवाज आला, “चोर आमच्यासारखा काऊन बोलते, गुरुजी?”

गुरुजी दाराशी ओट्यावर बसले. म्हणाले, “हसू यावं म्हणून केलं, माय. चुकलं माहं. एका शनिवारी ये. पटलं नाई तं मीच तुले बसमध्ये बसवून देतो.”

ती आली, पण दाराशीच बसली. गुरुजींनी तोच सिनेमा लावला. आधी वर्गाला म्हणाले, “मांगच्या खेपेले चोराले मी मंगलीच्या लोकायचं बोलणं देल्लं. चोर तसाच बोलते, हे मले कोणं सांगतलं होतं?” मग कोल्हा आला आणि गुरुजींच्या हजेरी घेतानाच्या आवाजात बोलू लागला.

“गुरुजी, हा तं तुमच्यासारखाच बोलून राह्यला!”

“मंग? मी चोरी नाई करू शकत?”

राजा आला तेव्हा गुरुजींनी दाराकडे पाहिलं. “मंगली, राजा तू बोल. तुह्या बोलीत.” तिनं आधी हळूच “जोहार” म्हणून नमस्कार केला. दोन पोरं फिदीफिदी हसली. त्यांचं हसणं थांबेपर्यंत गुरुजींनी सिनेमा थांबवून राजाला भिंतीवर तसाच उभा ठेवला. मग मंगली माडियात बोलत राहिली, सिनेमा संपेपर्यंत. त्या संध्याकाळी मावशीकडचं गाठोडं सुटलं.

शाळेतून परतताना मी म्हटलं, “जिंकलात, गुरुजी.” त्यांनी नकारार्थी मान हलवली. “एक बोलली, बाई. इतक्या वर्सांत जे न बोलता शाळा सोडून गेले असन, त्यायचं काय?”

गुरुजी या हिवाळ्यात वारले. शनिवारचा सिनेमा आता माझ्याकडे आहे. मला त्यांच्यासारखे आवाज काढता येत नाहीत. मुलं चालवून घेतात. सिनेमा संपला की मी लगेच उजेड करत नाही. अंधारात एखादं न बोललेलं पोर बोलेल.