काळूरामच्या हातची पुडी

काळूराम कोळी आमच्या दुकानात बावीस वर्षं होता, आणि त्यातली निदान वीस वर्षं दुकान माझं नसून त्याचंच आहे अशी गिऱ्हाइकांची समजूत होती. पनवेलच्या लाइन आळीत नट, बोल्ट, स्क्रू विकायचं आमचं दुकान. माझे यजमान गेले आणि गल्ल्यावर मी बसले. लोक यायचे, माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचे आणि विचारायचे, "काळूराम कुठाय?" मला राग यायचा. पण खोटं कशाला बोलू, धंदा त्याच्याच जिवावर चालला होता.

तो गव्हाणचा. बाप, भाऊ, सगळे समुद्रावर जाणारे. हा एकटाच लोखंडात आला, कारण त्याला बोट लागायची. कोळ्याला बोट लागते हे सांगताना तो स्वतःच इतका हसायचा, की आपण चिडवण्यात काही मजा उरायची नाही.

त्याची खरी हुकमत ग्रब स्क्रूवर. ग्रब म्हणजे बिनडोक्याचा बुटका स्क्रू. शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, चाक किंवा दोन दांडे जोडणारं कपलिंग चढवलं, की ते सरकू नये म्हणून बाजूच्या भोकातून हा आत पिळायचा. त्याचं टोक शाफ्टमध्ये रुतून बसतं. "एक ग्रब द्या" म्हणून कोणी हात पुढे केला, की काळूराम उलटतपासणी घ्यायचा. शाफ्ट केवढा जाड हाय? परत खोलायचा का कायमचा? पानी लागतंय का? कायमचा बसवायचा तर वाटीसारख्या टोकाचा, कारण त्याची कड चावा घेते. सारखा खोलायचा तर सपाट टोकाचा, म्हणजे शाफ्टला जखम होत नाही. होडीवाले हटकून चकचकीत स्टेनलेस मागायचे, गंजत नाही म्हणून. त्यांना तो सरळ परत पाठवायचा. "ता नरम असतं. दिसाया बरा, चावाया नाय. हा काला घे, अलॉयचा, टनक हाय. गंजंल, तर दर हंगामाला नवा लाव." लोक कुरकुरत काळा ग्रब न्यायचे आणि पुढच्या वर्षी गुपचूप तोच मागायला यायचे.

आटे तो नखाने ओळखायचा. आठ एमएमचा ग्रब आणि जुन्या इंची मापाचा अडीच सुती, दोन्ही काळे, दोन्ही दिसायला सख्खे भाऊ. आट्यांमधलं अंतर तेवढं वेगळं. ते मोजायला गेज असतो, पण काळूरामने त्याला कधी हात लावला नाही. नख फिरवायचा, पुडी बांधायचा. त्याच्या हातची पुडी कोणी उघडूनसुद्धा बघत नसे.

२००८च्या पावसाळ्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. टपरीवरून चहा आला, ग्लास इतका कढत की मी तो चटकन खाली ठेवला. काळूराम मात्र तसाच ग्लास मुठीत धरून गिऱ्हाइकाशी बोलत राहिला. साखरेचा आजार त्याला बरीच वर्षं होता. बोटांतली जाणीव चालली होती. त्याला ते कळत असणारच. मला तर त्याच क्षणी कळलं. मी बोलले नाही. बोलले असते तर त्याला गेज घ्यावा लागला असता, चारचौघांत कमीपणा आला असता, कदाचित तो काम सोडून गेला असता. त्याच्यासाठी म्हणून मी गप्प राहिले, असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला माझ्या दुकानाची काळजी होती.

नारळी पौर्णिमेच्या आधी त्याचा मुलगा प्रितेश आला. त्याची स्वतःची होडी होती. हंगामाचे नवे ग्रब हवे होते, आठ एमएम, कपलिंगला दोन. काळूरामने नख फिरवलं, पुडी बांधली. पोराने ती खिशात टाकली आणि मला हसून म्हणाला, "वैनी, यंदा बाबांना होडीवर न्हेतो, बघा."

सप्टेंबरात उरणच्या बाहेर त्याची होडी बुडाली. जाळं पंख्यात अडकू नये म्हणून होडी मागे घेतली, तेव्हा पंख्याचा शाफ्ट इंजिनाच्या कपलिंगमधून निसटून मागे सरकला आणि होडीच्या बुडातलं त्याचं भोक उघडं पडून पाणी आत आलं. प्रितेश ते भोक बुजवायला इंजिनाच्या खड्ड्यात उतरला. बाकीचे तिघे वाचले.

पुढे होडी ओढून किनाऱ्याला आणली. वाचलेल्या तिघांतला बाळू ते कपलिंग दुकानात घेऊन आला. दोन्ही ग्रब अजून त्यातच होते. काळूराम दिवसकार्यं उरकून नुकता कामावर आला होता. म्हणाला, "खोला. मना बघायचाय." बाळूने जोर लावून ते काढले. मी गेज लावला. अडीच सुती होते, दोन्ही. त्या भोकात ते अर्धवट जाऊन आट्यांतच अडकले होते. आवळणाऱ्याला वाटणार घट्ट बसला, पण टोक शाफ्टला टेकलंच नव्हतं.

काळूरामने एक ग्रब माझ्या हातातून घेतला, नख फिरवलं, परत फिरवलं. मग माझ्याकडे बघून लहान मुलासारखं विचारलं, "कंचा हाय, वैनी?"

मी म्हटलं, "आठ एमएम. बरोबर आहे."

त्याने मोठा श्वास सोडला. मला वाटलं, चला, एका माणसाला तरी वाचवलं. आणि तो म्हणाला, "मंग पोऱ्यानंच नीट आवळला नसंल."

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. नंतर तो हेच भावकीत बोलला, जेटीवर बोलला, सुनेसमोर बोलला. पोरगा हयगय करणारा निघाला, घाई केली, चार माणसांच्या जिवाशी खेळला. रडत बोलायचा, पण बोलायचा. मी मात्र त्याच दिवसापासून प्रत्येक पुडी स्वतः गेज लावून द्यायला लागले. त्याने कधी विचारलं नाही, का म्हणून.

२०१३ला काळूराम गेला. महिन्याभराने त्याची सून किशोरी त्याचे राहिलेले कपडे न्यायला दुकानात आली. पिशवी भरून झाली तरी जाईना. शेवटी म्हणाली, "वैनी, आमचे हे खरंच तसे होते काय ओ? हयगय करनारे?"

मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. चहाच्या ग्लासापासून. वाटलं, ती ओरडेल, मला शिव्या देईल. त्या मी ऐकून घेतल्या असत्या.

तिने पिशवीचे बंद ओढून गाठ मारली. मग म्हणाली, "बाबांना नाय सांगितलंत, ता बरा केलात. पन मना सांगायचा होता." उठली, पदर सारखा केला. "पाच वरसा मी यांच्या फोटूला हार नाय घातला."